तेरवीनंतर आलेले आबाजी

यंदाच्या पितृपक्षात अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, उद्या आबाजींची तिथी हाय. जेवाले या."

"कोणती तिथी?" मी विचारले.

"कोनती म्हंजे? दरसाली असते तेच."

मी त्याला सांगितले, की ज्या तिथीला तू पान वाढतोस त्या तिथीला माझे आजोबा जिवंत होते. त्यांचा श्वास चालू होता आणि त्यांना भूकही लागत होती.  तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी आता काय फरक पडते? पोचाचं ते पोचतेच ना."

मी फोन ठेवला आणि सवयीने कागद पुढे ओढला. आयुष्यभर मी पत्रे लिहीत आलो आहे. अमरावतीच्या न्यायालयात वकिली केली तेव्हा अशिलांसाठी लिहिली, वकिली सोडल्यावर स्वतःसाठी लिहितो: नळाच्या गढूळ पाण्याबद्दल, बसथांब्याच्या उडालेल्या पत्र्यांबद्दल, निवृत्तिवेतनासाठी म्हाताऱ्यांना जिने चढायला लावणाऱ्या कार्यालयांबद्दल. माझ्या अर्जांना कंटाळलेल्या अधिकाऱ्यांची एक अख्खी पिढी निवृत्त होऊन गेली. पण आजोबांच्या बाबतीत मला अजून पत्ताच सापडलेला नाही. अन्याय झाला, हे मी सिद्ध करू शकतो. तो कोणी केला, ती ओळ मात्र कोरी राहते.

आजोबांना आम्ही आबाजी म्हणत असू. भातकुली तालुक्यातल्या आमच्या गावातून ते तरुणपणी अकोल्याला गेले आणि तिथल्या सरकी काढण्याच्या एका कारखान्यात, म्हणजे जिनात, फिटर झाले. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या काळी पूर्व आफ्रिकेत कापसाची नवी जिने उभी राहत होती आणि तिथल्या मालकांना वऱ्हाडातले कसबी हात हवे होते. आबाजी मुंबईहून आगबोटीने मोंबासाला उतरले, तिथून रेल्वेने आत गेले आणि एका मोठ्या तळ्याच्या काठी वसले. ते तळे एवढे विस्तीर्ण, की पैलतीर दिसत नाही, असे ते सांगत तेव्हा गावातली माणसे एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसत.

परदेशी गेलेला माणूस घराला विसरतो आणि तिकडचाच होतो, अशा कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. आबाजींची कथा तशी नव्हती. तीन-चार वर्षांनी ते येतच. आले, की महिना-दोन महिने घराचा उंबरठा भरून जाई. एडन, झांजिबार, खार्टूम. कुठे उंटावर बसले, कुठे मगरीने कोणाचा पाय धरला, हे ते आम्हा नातवंडांना सांगत आणि सांगताना प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत जात, जणू मोजदाद चुकू नये. त्या पिढीतला पुरुष बायकोशी चारचौघांत बोलतही नसे. हे आजीला शेजारी घेऊन अकोल्याच्या बाजारातून फिरत आणि गावाने नाव ठेवले तर म्हणत, "माही बायको हाय, चोरीचा माल नाई."

तिला तिकडे नेण्याचा हट्ट त्यांनी अनेकदा केला. आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा, विहिरीसुद्धा खाऱ्या. आजी म्हणे, "इथं हीर खारी, तिथं जाताना समुद्र खारा. मंग खारंच प्याचं तं इथं काय वाईट हाय?" या युक्तिवादापुढे आबाजी हरत आणि एकटेच जात.

मग त्या देशात लष्करी सत्ता आली आणि तिने आशियाई माणसांना देश सोडून जायला सांगितले. बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. त्यानंतर आबाजींचे पत्र आले नाही. वर्ष गेले, दुसरे गेले. अकोल्याचा एक गृहस्थ तिकडून परत आला होता. त्याने माझ्या थोरल्या काकांना, म्हणजे आमच्या मोठे बाबांना सांगितले, की सैनिकांनी बंदराकडे जाणाऱ्या गाडीतून काही माणसे उतरवली, त्यांत तुमचे वडील होते, आणि उतरवलेला एकही माणूस पुन्हा दिसला नाही. हे त्याने स्वतः पाहिले होते का? नाही. त्याला डब्यातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगितले होते. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी घरात उभा राहून म्हणालो, की हा ऐकीव पुरावा आहे, कोणतेही न्यायालय तो स्वीकारणार नाही. आणि बेपत्ता माणसाला मृत मानायला कायदासुद्धा सात वर्षे थांबतो. मोठे बाबा म्हणाले, "कोर्टाले पितर नसतात, बाबू. आमाले हायेत. बापाचा जीव तसाच भटकत ठिवू काय?"

माझे वडील मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हते. पालाशविधी करायचे ठरले.

ज्याचे शव मिळत नाही त्याचे अंत्यसंस्कार कसे करावेत, याचा हा विधी. पळसाच्या पानांची मनुष्याकृती रचतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तिला अग्नी देतात. आमच्या भागात पळसाला तोटा नाही. पाने आणली गेली. मोठे बाबांनी आणि वडिलांनी मुंडन केले. आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. तेरवीला गाव जेवले. ऐकीव पुराव्यावर आमच्या घराने एक माणूस जाळला, आणि जाळणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. इथेच माझी अडचण सुरू होते. कारण खोटे रडणाऱ्यांवर मला तुटून पडता आले असते.

या गोष्टीला तीन वर्षे झाली असतील. मी अमरावतीला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागलो होतो आणि सुटीसाठी गावी आलो होतो. उन्हं कलली होती. आजी ओट्यावर बसून तुरीचे दाणे पाखडत होती, मी दाराशी खुर्ची टाकून वाचत होतो. गल्लीच्या तोंडाशी एसटी थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने एक उंच, वाकलेला म्हातारा हातात कापडी पिशवी घेऊन अंगणात आला. अंगात जाड लोकरीचा कोट होता; आमच्या उन्हात तसा कोट मी कोणाच्या अंगावर पाहिला नव्हता.

तो आजीसमोर उभा राहिला. तिचे कपाळ पाहिले, मनगटे पाहिली. पिशवी खाली ठेवली आणि घाबरून विचारले, "काय झालं वं? कोन गेलं?"

आजीने सूप बाजूला ठेवले. त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि म्हणाली, "तुमी."

 मी उठून पाया पडलो. आबाजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वकील झाला म्हनते तू," ते म्हणाले. हे त्यांना कोणी सांगितले होते? बसमध्ये शेजारी बसलेल्या आमच्याच गावच्या माणसाने सांगितले होते. आबाजींनी त्याच्याकडून घराची सगळी खबर काढून घेतली होती. त्यांच्या स्वतःच्या तेरवीची खबर तेवढी त्याने दिली नव्हती. ते सांगायला त्याची जीभ रेटली नसावी.

मोठे बाबा शेतातून धावत आले. बापाला पाहिले आणि दहा हातांवर थांबले.  पुढे होऊन पाय धरावेत, असे त्यांच्या अंगात होते, मनात नव्हते. "बाबा," ते म्हणाले, "ओट्यावरच बसा. आत येऊ नका. मी महाराजाले इचारून येतो."

ही पहिली तहकुबी.

आबाजी ओट्यावर बसले. आजीने आतून पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्या हाताशी ठेवला आणि परत आत गेली. ते पाणी प्यायले, तोंड वाकडे केले आणि हसले. "तेच हाय," म्हणाले. "कुठंच असं खारं भेटलं नाई."

मी विचारले, पत्र का लिहिले नाही? त्यांनी सांगितले, की देश सोडताना अंगावरचे कपडे सोडून सगळे मागे राहिले. ज्या विमानात जागा मिळाली त्यात बसले आणि युरोपातल्या निर्वासितांच्या छावणीत उतरले. नंतर एका गिरणीत बॉयलरजवळ काम मिळाले. सुरुवातीला दोन-तीन पत्रे टाकली, ती पोहोचली नाहीत. "मंग वाटलं, हातात काई येऊ दे, मंग लिवतो. खाली हाताचं काय लिवू? लिवतो लिवतो म्हनता राह्यलं." एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. मी पुष्कळ उलटतपासण्या केल्या आहेत. इतके खरे उत्तर मला क्वचित मिळाले.

महाराज, म्हणजे आमचे भटजी, संध्याकाळी आले. ते वाईट माणूस नव्हते, हेही मला नमूद केले पाहिजे. त्यांनी अंगणातच बैठक मारली आणि सांगितले, की पालाशविधी झालेला माणूस परत आला तर शास्त्रात मार्ग आहे. त्याला तुपाच्या कुंभात स्नान घालायचे, नवजात बालकाचे संस्कार करायचे, नाव ठेवायचे. आणि त्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावायचे. तोवर तो घराच्या दृष्टीने जन्मलेलाच नाही.

आबाजी लक्ष देऊन ऐकत होते. "नाव कोनतं ठेवसान?" त्यांनी विचारले.

"तेच ठेवता येते."

"तेच ठेवा. नवं पाठ कराचं वय नाई राह्यलं. आन बायको?"

"बायको तेच."

"मंग मी आजच नवरदेव व्हाले तयार हाओ. तिले इचारा."

आतून आजीचा आवाज आला, "गप बसा म्हनावं त्याईले. पोट्टे हासून राह्यले." आणि खरोखर आम्ही सगळे हसलो. मोठे बाबाही हसले. त्या संध्याकाळी कोणी सांगितले असते, की हा माणूस या घरात कधीच पाऊल ठेवणार नाही, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

कारण नकार कोणीच दिला नाही. हे नीट लक्षात घ्यावे. इस्टेटीचा प्रश्न नव्हता. शेत पहिल्यापासून आजीच्या नावावर होते. इस्टेटीचा प्रश्न असता तर फार बरे झाले असते, मी त्याच आठवड्यात दावा लावला असता. कायद्याच्या दृष्टीने आबाजी एक दिवसही मेले नव्हते, कारण मृत्यूची नोंद करायला कोणी कचेरीत गेलेच नव्हते. ते मेले होते फक्त उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. तिथे कोणत्या कोर्टाचा हुकूम चालतो?

पहिले कारण माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न. शेंदूरजनाघाटच्या संत्रा-बागायतदारांच्या घरी सोयरीक ठरली होती. मोठे बाबा म्हणाले, की मेलेल्याला जन्माला घालण्याचा असा सोहळा गावात झाला तर त्याचा बभ्रा तालुका ओलांडून जाईल. सोयरे म्हणतील, या घरात पिंड घेतलेला माणूस फिरतो. पोरीचं होऊन जाऊ द्या, मग करू. आबाजींनी क्षणाचाही विचार न करता मान डोलावली. नातीच्या लग्नाआड यायचे नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. अकोल्याला, जिथे ते काम शिकले त्या जिनाजवळ त्यांनी खोली घेतली.

दर रविवारी ते येत; मीही त्या दिवशी अमरावतीहून घरी आलेला असे. अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला, तिथून एसटीने गावात. त्यांच्या पिशवीत लवंगा, गोळ्या, कधी शेवग्याच्या शेंगा असत. ओट्यावर बसत आणि दिवसभर बसत. ते आल्याचे कळले, की घरात जे जे बिघडलेले असे ते बाहेर आणले जाई: शिवणयंत्र, कंदील, पंखा, फवारणीचा पंप. आबाजी एकेक खोलून नीट करत. दुरुस्त झालेली वस्तू आत जाई, ते बाहेर राहत. हे दृश्य मी महिनोन्‌महिने पाहिले.

आजी रविवारी पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी करी, त्यांना आवडणारी. ती त्यांच्या समोर फारशी येत नसे. पण दाराच्या आत, जिथून ओटा दिसतो तिथे, धान्य निवडायला बसे आणि पोरांशी बोलल्यासारखे करून त्यांच्याशी बोले. "इचार रे, मीठ बरोबर हाय काय." आबाजीही पोरालाच सांगत, "सांग तिले, मीठ बरोबर हाय. ती वाढाले आली असती तं अजून बरोबर लागलं असतं." लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या नवराबायकोचा हा संसार, मधे एक दार, एक बिचारे पोर आणि एक शास्त्र.

सुरुवातीच्या एका रविवारी मोठे बाबांच्या सांगण्यावरून त्यांना पत्रावळीवर वाढले. आबाजींनी पानाची कड बोटांनी चाचपली. "पळसाची हाय," ते म्हणाले. "ज्या पानाचा मले केला, त्याच पानावर मले जेवाले देता काय?" ते विनोदाने म्हणाले होते. आतून आजी उठली, फडताळातून त्यांचे पितळी ताट काढले, घासले आणि पोराच्या हाती बाहेर पाठवले. पत्रावळ पुन्हा कोणी काढली नाही.

बहिणीचे लग्न अमरावतीच्या मंगल कार्यालयात झाले. आबाजींना बोलवायचे, पण कोण म्हणून? मोठे बाबांनी तोड काढली: आफ्रिकेतले पाहुणे, आबाजींचे तिकडचे स्नेही. गावचे जे दहा-पाच लोक आले होते त्यांनी तोंडे शिवून घेतली. आबाजी तो लोकरी कोट घालून पहिल्या रांगेत बसले, नातीवर अक्षता टाकल्या. जेवताना नवरदेवाचे वडील त्यांच्या शेजारी बसले. मी वाढत होतो, म्हणून मला ऐकू आले.

"तुमी वळखत होते म्हनता पोरीच्या आबाजीले?"

"हो तं. एकाच जिनात होतो."

"कसा मानूस होता?"

आबाजींनी जिलबीचा तुकडा मोडला. "बरा होता. घरच्यायवर लय जीव होता त्याचा. पन सारखा बाहीर. असा मानूस घरच्यायले पुरत नाई."

"गेला बिच्चारा," सोयरे म्हणाले.

"गेला," आबाजी म्हणाले.

मी वाढपाचे भांडे तिथेच ठेवून बाहेर आलो. त्या दिवशी मी ठरवले, की आता एकही तारीख द्यायची नाही. मी मोठे बाबांना लेखी पत्र दिले, एकाच घरातल्या माणसाला रीतसर पत्र: लग्न पार पडले आहे, आपण दिलेले कारण संपले आहे, तरी विधीचा दिवस कळवावा. त्यांनी तोंडी उत्तर दिले, की पोरीचे पहिले वर्ष नाजूक असते. मग कापसाची वेचणी आली. मग अधिक महिना आला, त्यात लग्न लागत नाही. मग चातुर्मास, त्यातही लागत नाही. प्रत्येक कारण खरे होते. आयुष्यात पुढे मी शेकडो तहकुब्या पाहिल्या, काही स्वतः मागितल्या. पण इतक्या प्रामाणिक तहकुब्या कुठेच पाहिल्या नाहीत. नकार मिळाला असता तर अपील करता आले असते. "पुढच्या महिन्यात" या शब्दांवर अपील होत नाही.

शेवटी मी आजीकडे गेलो. ती चुलीपुढे होती. मी तिला कायदा सांगितला: तू त्यांची बायको आहेस, होतीस, कोणी काही जाळल्याने नाते जळत नाही. तिने सगळे ऐकून घेतले.

"मी नाई म्हनली काय?" ती म्हणाली.

"हो पण म्हटले नाहीस."

ती चुलीतले लाकूड मागे ओढत राहिली. मग म्हणाली, "बाबू, ते मेले तवा मी रडली. जमिनीवर डोकं आपटून रडली. साऱ्या गावानं पाह्यलं. आता या वयात बाशिंग बांधून उभी राह्यली, तं लोकं माह्या लग्नाले नाई हासनार. माह्या रडन्याले हासतीन. ते रडनं खोटं होतं काय?"

  मग तीच म्हणाली, "ते येतात, उन्हात बसतात, जातात. हे मले नाई पाहावत. मोठ्याले सांग, फागुनात दिवस धर. गावात नाई, अकोल्याले धर. लोकं हासतीन तं हासू दे."

त्या रविवारी मी आबाजींना हे सांगितले. जिथे ती बसत असे त्या दाराकडे त्यांनी पाहिले आणि विचारले, "तिनं सवताहून म्हटलं?" मी हो म्हणालो. त्यांनी दोनदा तेच विचारले. दिवस ठरला. आबाजींनी अकोल्याला न्हाव्याकडे जाऊन मिशा कमी करून घेतल्या आणि खोलीच्या मालकिणीला सांगून टाकले, की मी जागा सोडतो आहे, घरी जातो.

दिवसाच्या आधी तीन-चार दिवस आमच्या भावकीतला, मोठे बाबांचा एक वयोवृद्ध चुलत चुलता वारला. त्याचे-आमचे येणे-जाणेही नव्हते. पण भावकी ती भावकी, सुतक लागले. सुतकात विधी होत नाही.

हे सांगायला अकोल्याला मी गेलो. आबाजी खोलीत पिशवी भरून बसले होते. मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पिशवीचा बंद सोडला आणि नंतर एकदम विचारले, "माहाही चुलतभाऊ होता तो. मले लागते काय सुतक?"

या प्रश्नाने मी जागच्या जागी पेटलो. अमरावतीला परतताच मी महाराजांना पत्र लिहिले. त्यात मी विचारले, की या माणसाला सुतक लागते असे आपण म्हणाल, तर तो या कुळातला जिवंत पुरुष आहे हे आपण मान्य करता, मग विधीवाचून त्याला घरात घ्या. सुतक लागत नाही असे म्हणाल, तर मग भावकीतल्या मृत्यूने त्याचा विधी अडतो कसा? माझ्या सगळ्या वकिलीत मी याहून बिनतोड मुद्दा मांडलेला नाही. महाराजांनी निरोप पाठवला, "वकीलसाहेब, तुमचं खरं हाय. पन असा मानूस शास्त्रात नाई."

त्याच सुतकात आबाजींना न्यूमोनिया झाला. खोलीच्या मालकिणीने त्यांना सरकारी दवाखान्यात नेले आणि मला कळवले. मी पोहोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते, पण बोलणे तुटक झाले होते. आजीबद्दल विचारले. ती निघाली आहे, असे मी म्हणालो. ती खरोखरच निघाली होती. मोठे बाबांना घेऊन, बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत होती. गाडी उशिरा आली, आणि ती पोहोचण्याआधी आबाजी गेले. आमच्या कुळात त्या दिवशी फक्त तिलाच घाई होती.

अकोल्यातच मोर्णा नदीच्या काठी दहन झाले. अग्नी कोणी द्यायचा, हा प्रश्न आला. मोठे बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "मी एकदा देल्ला रे," ते म्हणाले, "एका बापाले दोनदा कसा देऊ?" आणि ते मातीत बसून लहान मुलासारखे रडले. माझा सगळा राग ज्या माणसावर जमा झाला होता, तो असा माझ्या पायाशी बसला होता. मागून आलेले माझे वडीलही पुढे झाले नाहीत, म्हणून मी अग्नी दिला. अकोल्याच्या कचेरीत मृत्यूची नोंद विनातक्रार झाली. कायद्याने आबाजी एकदाच मेले, आणि योग्य दिवशी मेले. या प्रकरणात कायद्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. मला फक्त तो पुरेसा वाटत नाही.

अस्थी घेऊन मी गावी आलो. त्या दिवशी भावकीचे सुतक फिटले होते. अंगण सारवले होते, घर धुतले होते. अस्थी घरात आणत नाहीत. मोठे बाबांनी अंगणातला कडुनिंब दाखवला. मी गाठोडे फांदीला बांधले. ते म्हणाले, "विसर्जनाचं पुढच्या हप्त्यात पाहू."

आजी दारात उभी होती. ती उंबरठा ओलांडून बाहेर आली, पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाली, "सोड ते गाठोडं. आज जाऊ."

शेजाऱ्याची बैलगाडी काढून आम्ही पूर्णा नदीवर गेलो. पाणी कमी होते. काठावर एक भोई जाळे सोडवत बसला होता. त्याने वाट दाखवली, कुठे खोल आहे ते सांगितले आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "कोन होते, माय?"

"होते नोको म्हनू," आजी म्हणाली. "मालक व्हय माहे."

परतलो तेव्हा मोठे बाबांनी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली होती. आम्ही अंगावर पाणी घेतले. ओलेत्याने आत जाता जाता आजी त्यांच्यापाशी थांबली. "जाय, महाराजाले इचार," ती म्हणाली. "मी आता किती दिसाचं सुतक धरू? एकदा धरलेलं मोजते काय, का पयल्यापासून धराचं?"

मोठे बाबा गेले आणि परत आले. महाराज म्हणाले होते, पाहून सांगतो.

महाराज वारले, मोठे बाबा वारले. आजीने वाट पाहिली नव्हती. तिने आपले सुतक आपणच धरले. पुढे चार वर्षे ती जगली. सुतक फिटले, असे तिने कधी सांगितले नाही.